कॉलेजचे पहिले वर्ष : कोणती अडचण ठेवावी, कोणती काढावी

कॉलेजच्या पहिल्या वर्षात एखादा विद्यार्थी मागे पडला, की कारणांचा शोध त्याच्यापासून सुरू होतो आणि बहुधा त्याच्यापाशीच संपतो. त्याचा पाया कच्चा होता, त्याला अभ्यासाची सवय नव्हती, मोकळीक मिळताच तो भरकटला, घरच्यांनी त्याला फार जपले होते, मोबाइलने घात केला, अशी कारणे दिली जातात आणि त्यांतले प्रत्येक कारण कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत खरेही असते. मात्र ज्या संस्थेने त्याला स्वतःच्या निकषांवर पारखून प्रवेश दिला, तिने पुढच्या सहा महिन्यांत त्याच्यासाठी नेमके काय केले, हा प्रश्न त्या चौकशीत क्वचितच येतो. नव्या वातावरणाशी जुळवून घ्यावे, हा सल्ला सगळेच देतात. पण त्या वातावरणातल्या कोणत्या गोष्टी विद्यार्थ्याने पेलायच्या आहेत आणि कोणत्या मुळात तिथे असायलाच नकोत, याची फोड कोणी करत नाही.

माझे म्हणणे असे, की पहिल्या वर्षाची अडचण एक नसून दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळे आपण दोन्हींच्या बाबतीत चुकीचे वागतो. पहिली अडचण शिकण्याच्या पोटातच आहे. विषय खोल होतो, उत्तरे एकाहून अधिक असू शकतात, वेळ स्वतः आखावा लागतो, आपली समजूत अपुरी असल्याचे वारंवार ध्यानात येते. ही अडचण झेलल्याशिवाय वाढ होत नाही. दुसरी अडचण कुठेही न लिहिलेल्या नियमांतून, उशिरा कळणाऱ्या निकालांतून आणि एकटेपणातून येते. तिच्यातून कोणी काही शिकत नाही. ज्यांना घरातून वा ओळखीतून माहिती मिळालेली असते ते तिच्या बाजूने सहज निघून जातात आणि बाकीचे तिच्यात अडकतात. पहिली अडचण तिच्या पूर्ण वजनानिशी कायम ठेवणे आणि दुसरी हटवणे, हे संस्थेचे काम आहे. व्यवहारात पुष्कळदा याच्या नेमके उलट घडते. तयार नोट्स, अपेक्षित प्रश्नांच्या याद्या आणि सोपे पेपर यांनी अभ्यास पातळ केला जातो, आणि उरलेले मात्र "अनुभवातून शिकतील" म्हणून तसेच सोडून दिले जाते.

शाळेत दिवसाचे तुकडे दुसऱ्या कोणी तरी पाडून दिलेले असतात. कधी उठायचे, काय वाचायचे, गृहपाठ कधी द्यायचा, नापास होण्याच्या आधी कोण रागावणार, हे सगळे ठरलेले असते. कॉलेजात प्रत्यक्ष तासांचा वेळ कमी होतो आणि उरलेला वेळ मोकळा दिसतो. तो मोकळा नाही, त्यात स्वतःचा अभ्यास अपेक्षित आहे, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत एखाद्या ओळीत असलेच तरी नव्या विद्यार्थ्याला ते जाणवत नाही. त्यातून आणखी एक घोळ होतो. शाळेत चाचण्या वरचेवर होत असल्यामुळे आपण कुठे आहोत याचा अंदाज मिळत राहतो. कॉलेजात पहिले गुण हाती येईपर्यंत सत्र निम्मे किंवा पूर्ण संपलेले असते. एवढा काळ विद्यार्थी स्वतःच्या अंदाजावर चालतो, आणि तो अंदाज विश्वासार्ह नसतो.

तो का नसतो, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले, तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने तपासले, तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले होते. गंमत अशी, की आपल्याला हे चांगले लक्षात राहील असा विश्वास वारंवार वाचणाऱ्यांनाच अधिक होता. शाळेत पाठ्यपुस्तकाचा आवाका लहान असल्यामुळे वाचून वाचून काम भागते. तीच पद्धत कॉलेजात चालत नाही, पण चालत नाही हे कळायला जी चाचणी लागते तीच उशिरा होते. असा विद्यार्थी आळशी असतो असे नाही; कित्येकदा तो वर्गातल्या इतरांपेक्षा अधिक तास बसलेला असतो आणि निकाल पाहून त्यालाच सर्वांत जास्त धक्का बसतो. मग तो निष्कर्ष काढतो, की आपली कुवतच तेवढी नाही. पद्धत बदलून पाहावी हे त्याला सुचत नाही, कारण अभ्यासाची पद्धत नावाची बदलता येण्याजोगी गोष्ट असते, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता पहिल्या प्रकारच्या अडचणीकडे वळू, कारण तिचे मोल ओळखल्याशिवाय दुसरी काढण्याचा आग्रह पोकळ ठरेल. हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम पेरी यांनी 1950 आणि 1960 च्या दशकांत विद्यार्थ्यांच्या प्रत्येक वर्षाअखेरीस मोकळ्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या विचार करण्याच्या पद्धतीत कसे बदल होत जातात याचा आराखडा 1970 मध्ये मांडला. नवा विद्यार्थी येतो तेव्हा त्याच्या दृष्टीने ज्ञान म्हणजे बरोबर उत्तरांचा साठा असतो, तो शिक्षकांकडे असतो आणि तो आपल्याकडे उतरवून घ्यायचा असतो. दोन प्राध्यापक एकाच गोष्टीविषयी वेगवेगळे बोलले, की त्याला वाटते एक तर त्यांपैकी कोणाला तरी नीट येत नाही, किंवा आपण स्वतः शोधावे म्हणून उत्तर मुद्दाम दडवून ठेवले आहे. पुढे तो दुसऱ्या टोकाला जातो. सगळ्यांचीच मते असतात, मग माझे का कमी, असे तो म्हणू लागतो. त्याच्याही पुढे गेल्यावर त्याला कळू लागते, की मते अनेक असली तरी सगळी सारख्या वजनाची नसतात. पुरावा, संदर्भ आणि तर्क यांनी त्यांची पारख करता येते. आणि शेवटी, पूर्ण खात्री नसतानाही विचारपूर्वक एक बाजू घेऊन तिची जबाबदारी स्वीकारण्यापर्यंत काही जण पोहोचतात.

पेरी यांचे विद्यार्थी बहुतांशी पुरुष आणि एका निवडक संस्थेतले होते, त्यामुळे हा आराखडा जसाच्या तसा सर्वांना लावता येणार नाही, ही टीका योग्य आहे. तरीही पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या कोणालाही त्यातली पहिली पायरी ओळखीची वाटेल. "सर, शेवटी परीक्षेत लिहायचे काय?" हा प्रश्न त्या पायरीवरून येतो. तो प्रश्न उद्धट नाही आणि मूर्खपणाचाही नाही. ज्या व्यवस्थेने बारा वर्षे एकच उत्तर मागितले, तिच्या शिकवणीचा तो प्रामाणिक परिणाम आहे. अशा वेळी प्राध्यापकाने चार मुद्दे सांगून मोकळे व्हायचे, की त्या अस्वस्थतेत विद्यार्थ्याला थोडे थांबू द्यायचे, यावर त्या वर्षात काही घडते की नाही हे ठरते. चार मुद्दे सांगणारा शिक्षक लोकप्रिय होतो. तयार नोट्सची खरी हानी मला इथे दिसते. त्यांनी गुण कमी होत नाहीत, बहुधा वाढतातच. पण विद्यार्थी ज्या पायरीवर आला होता तिथेच राहून पदवी घेतो.

अर्थात अस्वस्थता आपोआप वाढीत बदलत नाही. मानसशास्त्रज्ञ नेव्हिट सॅनफर्ड यांनी 1960 च्या दशकात मांडलेला विचार या बाबतीत आजही उपयोगी आहे. आव्हान फार कमी असेल तर माणूस बदलत नाही. आव्हान फार मोठे आणि आधार फार तुटपुंजा असेल तर तो मागे हटतो, जुन्या सवयींना अधिक घट्ट धरतो किंवा त्या आव्हानाकडे पाहायचेच सोडून देतो. किती आव्हान सोसवेल याचा आकडा सर्वांसाठी एक नसतो, तो आधारावर अवलंबून असतो. याचा सरळ अर्थ असा, की आधार वाढवला तर आव्हानही वाढवता येते. आधार आणि कठोरपणा यांना एकमेकांचे शत्रू मानणाऱ्या दोन्ही पक्षांना, म्हणजे मुलांना फार त्रास नको म्हणणाऱ्यांना आणि मुलांना टाकून दिले तरच ती पोहतात म्हणणाऱ्यांना, हे मान्य होत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या अडचणी वरवर किरकोळ दिसतात. प्राध्यापकांना तासाबाहेर भेटता येते का, भेटायला गेल्यावर काय बोलायचे, आजारी असल्यामुळे काम वेळेत होणार नसेल तर मुदत मागणे उचित की अपमानास्पद, वर्गात प्रश्न विचारला तर तो अज्ञानाचा कबुलीजबाब ठरेल का, विषय बदलायची मुदत कधी संपते, ग्रंथालयात हवे ते पुस्तक नसेल तर काय करायचे. या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही सूचनाफलकावर नसतात. ज्याचे आईवडील, बहीणभाऊ कॉलेजात गेले आहेत त्याला ती घरातल्या गप्पांतून मिळालेली असतात, आणि म्हणून तो ती कधी शिकला हे त्याला स्वतःलाही आठवत नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेला विद्यार्थी मात्र मदत मागणे टाळतो, आणि त्याला ते आत्मसन्मानाचे व शिक्षकांविषयीच्या आदराचे लक्षण वाटते. सरांचा वेळ कशाला घ्यायचा, असे तो मनापासून समजतो. प्राध्यापक त्याच वेळी मनात म्हणत असतात, की याला अडचण असती तर आला असता.

समाजशास्त्रज्ञ अँथनी अब्राहम जॅक यांनी अमेरिकेतील एका नामवंत विद्यापीठात केलेल्या अभ्यासातला एक तपशील या संदर्भात महत्त्वाचा आहे. गरीब घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांमध्येच त्यांना दोन गट आढळले. काही जण शिष्यवृत्तीवर महागड्या खासगी शाळांत शिकून आले होते. ते प्राध्यापकांशी सहज बोलत आणि हवे ते मागून घेत. बाकीचे आपल्या परिसरातल्या सामान्य शाळांतून थेट तिथे आले होते. ते अंतर राखून राहत आणि फक्त अभ्यास करत. आर्थिक स्थिती सारखी आणि गुणवत्ताही प्रवेश मिळण्याइतकी सिद्ध झालेली, असे असूनही त्यांच्या वागण्यात फरक पडला तो अशा वातावरणाच्या आधीच्या परिचयामुळे. परिचय ही शिकवता येणारी गोष्ट आहे. जे शिकवता येते ते न शिकवता त्यावरून माणसाची लायकी ठरवणे याला मी अन्याय म्हणतो, आणि तो कोणी जाणूनबुजून करत नाही एवढ्याने तो सौम्य होत नाही.

दोन अडचणींमधला भेद सर्वांत स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण गणिताच्या वर्गातले आहे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्राइसमन हे पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसच्या वर्गांशी संबंधित काम करत होते. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात अपयशी होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यश मिळवत. असे का होते, हे त्यांनी अध्यापकांना विचारले तेव्हा ठरावीक उत्तरे आली : प्रेरणा कमी, शालेय तयारी कमी, घरून पाठबळ कमी, आर्थिक परिस्थिती बेताची. ही उत्तरे मान्य करून थांबण्याऐवजी ट्राइसमन यांनी दोन्ही गटांतल्या विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या जागी जाऊन ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात, हे बराच काळ पाहिले. अध्यापकांची चारही अनुमाने त्या निरीक्षणात टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, सांगितलेले तास इमानदारीने बसत होते, त्यांच्या घरच्यांना त्यांच्या शिक्षणाची आस्था होती. पण ते एकटे बसत. अभ्यास आणि मित्र हे त्यांच्या आयुष्याचे दोन वेगळे कप्पे होते, आणि ज्या शिस्तीमुळे ते शाळेत यशस्वी झाले ती शिस्तच त्यांना एकटे ठेवत होती. चिनी विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे गणिते सोडवत आणि मग एकत्र येऊन एकमेकांची तपासत. एखादे गणित कोणालाच सुटले नाही, तर ते खरोखर अवघड आहे हे त्यांना कळे, आणि आपल्यालाच येत नाही असा ग्रह होत नसे.

यानंतर ट्राइसमन यांनी जे केले ते मला त्या निरीक्षणापेक्षाही अधिक बोलके वाटते. कच्च्या विद्यार्थ्यांसाठी उजळणीचे वर्ग काढणे हा रूढ उपाय होता आणि तो त्यांनी नाकारला. त्यांनी गटाने काम करण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या, त्यांत नेहमीपेक्षा अवघड गणिते ठेवली आणि सहभागी होणाऱ्यांना उत्कृष्टतेसाठी निवडल्यासारखे वागवले. कार्यशाळेत आलेल्या विद्यार्थ्यांच्या निकालात ठळक सुधारणा झाली, आणि पुढे हा नमुना इतर अनेक संस्थांनी स्वीकारला. विषयाचा भार इथे कमी झाला नाही, उलट वाढला. कमी झाले ते एकटेपण, आणि त्या एकटेपणातून येणारा स्वतःविषयीचा चुकीचा निष्कर्ष. उजळणीचा वर्ग नेमका तो निष्कर्ष पक्का करतो. तिथे बसणाऱ्याला आपल्याला कोणत्या रांगेत उभे केले आहे हे पहिल्याच दिवशी समजते.

आपण इथे चुकून आलो आहोत, ही भावना पहिल्या वर्षात जवळजवळ सार्वत्रिक असते. अडचण अशी, की प्रत्येकाला ती फक्त स्वतःची वाटते, कारण इतरांचे फक्त बाहेरचे वागणे दिसते आणि स्वतःचे आतले. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराचा एक उपक्रम दिला. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव त्यांनी वाचले. सुरुवातीला परके वाटणे सर्वांच्याच वाट्याला येते आणि काळाबरोबर ते ओसरते, असे त्यात दिसत होते. मग त्यांनी स्वतःच्या अनुभवाविषयी पुढच्या तुकडीसाठी लिहिले. या उपक्रमानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे तुलनेच्या गटापेक्षा वरचढ राहिले. बातमी अर्थातच गाजली. तासाभरात आणि जवळजवळ फुकट होणारा उपाय कोणत्या प्रशासनाला आवडणार नाही?

पण त्याच संशोधकांचा सहभाग असलेला 2023 चा अभ्यास अधिक काळजीपूर्वक वाचला पाहिजे. 22 संस्थांमधील सुमारे 27 हजार विद्यार्थ्यांवर हा उपक्रम करून पाहिला, तेव्हा पहिले वर्ष पूर्ण करण्याच्या प्रमाणावर त्याचा चांगला परिणाम झाला, मात्र तो जिथे त्या विद्यार्थ्यांच्या गटाला खरोखर आपलेपण मिळण्याची संधी होती तिथेच. जिथे तशी संधी नव्हती, तिथे दिलासा देणारे शब्द निष्फळ ठरले, आणि हे साहजिक आहे. "हे तुमचेच आहे" असे सांगून वागणूक मात्र परक्याची दिली, तर विद्यार्थी वागणुकीवरच विश्वास ठेवतो. समुपदेशन केंद्र उघडले की पहिल्या वर्षाची काळजी घेतली, असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. समुपदेशन आवश्यक आहे. काहींच्या बाबतीत तर ते जीव वाचवणारे असते. पण वेळापत्रक, मूल्यमापन आणि वर्गातली वागणूक यांतून निर्माण होणारा ताण एकेका विद्यार्थ्याला बंद खोलीत बोलावून निस्तरता येत नाही.

या सगळ्या चर्चेचा पाया घालणाऱ्या व्हिन्सेंट टिंटो यांचाही इथे उल्लेख करायला हवा. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात, याचा विचार करताना त्यांनी 1975 मध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी आत्महत्येविषयी मांडलेल्या सिद्धान्ताचा आधार घेतला. व्यक्ती समाजाशी पुरेशी जोडली न गेल्यास ती त्यातून बाहेर पडते, हे सूत्र त्यांनी कॉलेजला लावले. अभ्यासाच्या अंगाने आणि माणसांच्या अंगाने विद्यार्थी संस्थेत मिसळला तर तो टिकतो. गळतीचे खापर केवळ विद्यार्थ्याच्या स्वभावावर फोडण्याची सवय मोडायला या मांडणीची मोठी मदत झाली. पुढे त्यांनी, एका अवस्थेतून दुसरीत जाताना माणूस आधी जुन्या गटापासून विलग होतो, या मानववंशशास्त्रज्ञ व्हान गेनेप यांच्या कल्पनेचीही जोड दिली, आणि तिथे प्रश्न उभा राहिला. विल्यम टिअर्नी यांनी 1992 मध्ये आक्षेप घेतला, की एकाच संस्कृतीत बालपणातून तारुण्यात जाणाऱ्यासाठीची ही कल्पना, वेगळ्या संस्कृतीतून आलेल्या विद्यार्थ्याला लावली तर तिचा अर्थ आपले घर, भाषा आणि माणसे मागे टाकून ये, असा होतो. हा आक्षेप मला पूर्णपणे पटतो. घरच्या बोलीची लाज वाटू लागणे याला प्रगती म्हणता येणार नाही, आणि घराशी घट्ट बांधलेला विद्यार्थी अपरिपक्व असतो, हेही खरे नाही. पुष्कळांना तेच नाते तग धरायला बळ देते. नव्यांना जाच करून आपल्यात घ्यायचे, या समजुतीवर चालणाऱ्या रॅगिंगसारख्या प्रकारांचे समर्थनही याच विलग होण्याच्या कल्पनेच्या एका विकृत रूपावर उभे असते. अशाने मुले एकत्र येतात असे म्हणणाऱ्यांनी, जी सोडून गेली त्यांची गणना केलेली नसते.

मैत्रीचा विषय सहसा हलका समजला जातो. धोरणाच्या चर्चेत त्याला जागा मिळत नाही. वास्तविक तो वेळापत्रकाचा विषय आहे. ब्रूस सॅसरडोट यांनी 2001 मध्ये डार्टमथ कॉलेजमधील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तिथे खोलीतला सोबती चिठ्ठ्या टाकल्यासारखा योगायोगाने ठरत असे, आणि तरीही सोबत्याच्या अभ्यासाचा परिणाम विद्यार्थ्याच्या गुणांवर दिसला. जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात आणि जवळच्या मैत्रीला 200 हून अधिक. हे आकडे ढोबळ मानले, तरी तासाला येऊन लगेच निघून जाणाऱ्या, लांबून प्रवास करणाऱ्या किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे तास मिळणार कुठून, हा प्रश्न उरतोच. शंभर-दोनशेंच्या व्याख्यानवर्गात प्रत्येक तासाला शेजारी वेगळा बसत असेल, तर सत्र संपले तरी कोणाला कोणाचे नाव ठाऊक होत नाही. सत्रभर टिकणारे पाच-सहा जणांचे गट आणि त्यांना एकत्र येऊनच पुरे करता येईल असे काम, एवढे प्राध्यापकाने ठरवले तरी हे तास अभ्यासातच मिळू लागतात. लाजाळू विद्यार्थ्यांना याचा लाभ सर्वांत अधिक होतो, कारण ओळख करून घेण्यासाठी लागणारे निमित्त त्यांना शोधावे लागत नाही.

मग संस्थांनी काय करावे? पहिल्या आठवड्यातल्या स्वागत कार्यक्रमांवरचा भर कमी करावा, असे मी म्हणेन. त्या आठवड्यात सगळे नवे आणि उत्साहाचे असते. नियमांची लांबलचक माहिती दिली जाते आणि ती कोणाच्याही डोक्यात राहत नाही, कारण तिची गरज अजून पडलेली नसते. अडचणी सुरू होतात त्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि तेव्हा सभागृह रिकामे असते. साउथ कॅरोलायना विद्यापीठाने 1970 च्या विद्यार्थी असंतोषानंतर, 1972 मध्ये, पहिल्या वर्षासाठी सत्रभर चालणारा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. लहान गट, एक शिक्षक आणि संपूर्ण सत्र, अशी त्याची रचना होती, आणि तिचे अनुकरण पुढे जगभर झाले. माहिती एकदाच ओतण्यापेक्षा ती गरज पडेल तेव्हा पुरवावी, हा त्यातला ग्राह्य भाग आहे. दुसरे, पहिले तपासलेले काम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच विद्यार्थ्याच्या हाती परत यावे. त्याचे वजन कमी असावे, पण शेरे नेमके असावेत. तिसरे, सलग गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याला दंडाच्या नोटिशीआधी एखाद्या माणसाचा फोन जावा.

चौथी गोष्ट अधिक कठीण आहे, कारण तिला पैसे कमी लागतात आणि मनाची तयारी जास्त. बहुतेक विभागांत अनुभवी प्राध्यापक वरचे वर्ग घेतात आणि पहिले वर्ष सर्वांत नव्या, तात्पुरत्या किंवा कामाखाली दबलेल्या शिक्षकांच्या वाट्याला येते. विशेष विषय शिकवण्यात प्रतिष्ठा आहे आणि पायाभूत विषय शिकवण्यात नाही, असा अलिखित दंडक असतो. विषय आवडू लागण्याची किंवा कायमचा नकोसा होण्याची शक्यता ज्या वर्षात सर्वाधिक, तिथे विभागाने आपला सर्वोत्तम शिक्षक न पाठवणे, हा मला अक्षम्य हिशेब वाटतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, मुले आता सज्ञान आहेत, त्यांना बोट धरून किती चालवायचे? कायद्याने सज्ञान होणे आणि सर्व अर्थांनी प्रौढ होणे यांत अंतर असते. जेफ्री आर्नेट यांनी 2000 मध्ये साधारण 18 ते 25 या वयोगटाला, किशोरवय आणि प्रौढत्व या दोहोंपेक्षा वेगळी अशी स्वतंत्र अवस्था मानावे, असा प्रस्ताव मांडला, तो याच अंतरामुळे. पण माझे उत्तर वयावर उभे नाही. प्रौढ माणूसही नव्या नोकरीत रुजू होतो तेव्हा त्याला कामाची पद्धत दाखवली जाते, वरिष्ठ कोण ते सांगितले जाते, चूक झाल्यास लवकर कळवले जाते; त्याला कोणी लाडावणे म्हणत नाही. विद्यार्थ्याचे गणित सोडवून देणे म्हणजे बोट धरणे. गणित सोडवण्यासाठी कोणाबरोबर बसता येईल आणि अडल्यास कोणते दार वाजवायचे हे सांगणे, याला ते नाव देता येत नाही. याच कसोटीवर पालकांनाही एक सांगता येईल : रोज चौकशी करायला हरकत नाही, पण मुलाच्या वतीने कार्यालयात फोन करणे सोडावे, कारण तो फोन करायला शिकणे हा पहिल्या वर्षाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने 2007 मध्ये आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत एक कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकण्याची अट होती, आणि त्या बदल्यात उरलेले शुल्क, प्रवासाचा पास, पुस्तकांसाठी मदत आणि मोजकेच विद्यार्थी हाती असलेला सल्लागार मिळत असे. सोडत काढून केलेल्या तुलनेत, तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण 22 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले. दर विद्यार्थ्यामागचा खर्च वाढला. पण पदवी पूर्ण करणारे इतके वाढले, की दर पदवीमागचा खर्च कमी झाला. हा हिशेब दुसऱ्या पद्धतीने मांडायचा, तर जे निम्म्यात सोडून जातात त्यांच्यावर झालेला खर्च आपण आजही करतोच, फक्त तो कोणत्याही ताळेबंदात वेगळा दाखवला जात नाही.

तो दाखवावा, ही माझी शेवटची मागणी आहे. अंतिम वर्षाचा निकाल आणि गुणवंतांची नावे प्रत्येक संस्था अभिमानाने छापते. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षाला आले, न आलेल्यांत घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेले किती, दुसऱ्या भाषेतून शालेय शिक्षण झालेले किती, कोणत्या एका विषयाने सर्वाधिक जणांना अडवले, हे आकडे छापले जात नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी कोणी एकत्रही करत नाही. सोडून जाणारा प्रत्येक जण अपयशी असतो असे नाही; काहींनी विचारपूर्वक दुसरा मार्ग धरलेला असतो आणि तो त्यांच्यासाठी योग्यही असतो. पण कोण मार्ग बदलून गेला आणि कोण अडखळून गेला, हे त्यांना विचारल्याशिवाय समजणार नाही. विचारण्याचे काम कोणाचे, हे मात्र आजवर बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नाही. ते पहिल्या वर्षाची जबाबदारी नावानिशी सोपवलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकाचे असावे, आणि त्याच्या कामाचे मूल्यमापन दरवर्षी याच आकड्यांवरून व्हावे.